अडतीस आज्यांचं एकमत

४ फेब्रुवारी, मंगळवार

सगळ्यात आधी कोण आलं असेल, तर हेडबाई. सभा साडेदहाची, आणि ही बाई सव्वादहालाच तळमजल्यावरच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत. मांडीवर वही, वहीवर पेन, पेनाचं टोपण काढलेलं. शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण डोक्यातली घंटा अजून वाजतेच आहे. मी दुसरी पोचले. तेही लिफ्ट वर अडकली म्हणून. नाहीतर मी दहालाच जाणार होते.

बोलावलं होतं विद्यापीठातल्या एका मुलीने. अंगाने काडी, गळ्यात ओळखपत्र, पाठीवर एवढी मोठी बॅग की बॅगच मुलीला घेऊन आली असं वाटावं. पीएचडी करते. विषय तिने फळ्यावर लिहिला: आजीच्या सहवासाचा नातवंडांच्या अध्ययनावर होणारा परिणाम. म्हणजे आजीमुळे पोरं हुशार होतात का. एवढं विचारायला तीन वर्षं आणि एक आख्खं विद्यापीठ लागतं. मला विचारलं असतं तर जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं असतं.

तिला चाळीस आज्या हव्यात. आमच्या तीन बिल्डिंगा मिळून तेवढ्या सहज निघतात. तेरा तारखेला प्रश्नावली घेऊन येणार. मी विचारलं, मार्क किती. ती हसून म्हणाली, आजी, याला मार्क नसतात, यात चूक-बरोबर काही नसतं, मनात असेल ते लिहायचं. मी मनातल्या मनात म्हटलं, बाई, परीक्षेआधी सगळे असंच सांगतात.

चार घरांत आवाज टिपायचं यंत्रही ठेवणार आहे. मी हात वर केला. हेडबाईंनीही केला, पण त्यांची नातवंडं परदेशात. यंत्र काय विमानतळावर ठेवायचं?

५ फेब्रुवारी, बुधवार

घरची परिस्थिती लिहून ठेवते, म्हणजे पुढे अहवालात उपयोगी पडेल.

नात आठ वर्षांची, तिसरीत. शाळा सुटून दीडला घरी येते. सून आणि मुलगा संध्याकाळी सहाला. मधले साडेचार तास ती माझ्या ताब्यात. मी स्वतः तिसरीपर्यंत शिकले. परीक्षेच्या वेळी जरा कामात होते म्हणून ती द्यायची राहून गेली, एवढंच. त्यामुळे यंदा नात आणि मी बरोबरीच्या. हा योग आहे.

पण सुनेच्या डोक्यात अभ्यासवर्गाचं भूत. तिच्या ऑफिसच्या खालीच आहे. शाळेतून परस्पर तिकडे, रोज सहापर्यंत. एप्रिलपासून. फॉर्म आणून ड्रॉवरमध्ये ठेवलाय. म्हणते, आई, तुमच्यावर भार नको. मी म्हटलं, भार पोत्याचा असतो, पोरीचा नसतो. तर म्हणते, तसं नाही हो आई, आता अभ्यास अवघड होत जाणार. म्हणजे सरळ भाषेत, तुम्हाला येत नाही. सुना सरळ भाषेत बोलत नाहीत, तेवढं वळण आहे तिला.

मुलगा नेहमीप्रमाणे मध्ये. म्हणाला, एवीतेवी विद्यापीठाची पाहणी होतेच आहे आपल्याकडे, काय निष्कर्ष निघतो ते बघू, मग ठरवू. सून म्हणाली, चालेल. मी म्हटलं, मलाही चालेल.

झालं तर मग. निष्कर्ष काढायचा.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आजपासून रोज सकाळी वर्तमानपत्राचं एक पान मोठ्याने वाचायचं. परीक्षेआधी सराव हवा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चष्म्याची काडी सैल आहे. उद्यापासून.

८ फेब्रुवारी, शनिवार

वाचलं. मथळा. तो बराच मोठा होता.

९ फेब्रुवारी, रविवार

आज माझ्या शिकवण्याच्या पद्धतीबद्दल लिहिते. हेडबाई काठीने शिकवायच्या. माझी रीत वेगळी. मी मुद्दाम चुकते. पुस्तक हातात घ्यायचं आणि एक शब्द अडखळत, चुकीचा वाचायचा. नात लगेच म्हणते, आजी, असं नाही, नीट बघ, पुन्हा. मी पुन्हा मुद्दाम चुकते. मग ती मला बोट धरून एकेक अक्षर दाखवते. तिसऱ्या खेपेला मी बरोबर वाचते, म्हणजे तिचा हुरूप टिकतो. ही रीत मला कुणी शिकवली नाही, आपोआप येते.

या वहीचंही तेच. रोज पाच ओळी लिहायच्या असं नातीने मला सांगितलंय. मी लिहिते, कारण मला बघून तिला लिहायची सवय लागावी. पोर अशीच घडते.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी संशोधनवाली घरी आली. घरात मी एकटीच. दोन वस्तू देऊन गेली.

एक, यंत्र. साबणाच्या वडीएवढं. एकच बटण. नात अभ्यासाला बसली की चालू करायचं, उठली की बंद. भिंतीतल्या वायरला जोडून ठेवलं, म्हणजे आठवडाभर मरायचं नाही. पुढे दिव्याबद्दल ती काहीतरी सांगत होती, पण तेवढ्यात दूध उतू जायला आलं. परत आले तर म्हणाली, आजी, कळलं ना. म्हटलं, न कळायला काय झालं. लाल दिवा म्हणजे थांबा, हे रस्त्यावर शेंबड्या पोरालाही कळतं. दिवा लागला की बंद, विझला की चालू. वर विणलेला रुमाल टाकून ठेवला, धूळ नको.

दुसरी वस्तू म्हणजे प्रश्नावलीची नमुना प्रत. म्हणाली, आजी, तुम्ही मोकळं बोलता, म्हणून तुम्हालाच देते. एखादा प्रश्न कळायला अवघड वाटला तर मला सांगा, मी भाषा बदलते. कुणाला दाखवू नका मात्र. मी म्हटलं, माझ्या पोटात विहीर आहे, गेलेला दगड वर येत नाही.

बत्तीस वाक्यं. प्रत्येकापुढे एक ते पाच. एक म्हणजे अजिबात पटत नाही, पाच म्हणजे पूर्ण पटतं. दुपारी नातीने वाचून दाखवली. माझा चष्मा सापडत नव्हता. नंतर डोक्यावर सापडला.

म्हणजे पेपर तीन दिवस आधी माझ्या हातात. कुणाला म्हणून सांगायचं नाही, ठरलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दूध घ्यायला खाली गेले होते. सहा जणींना सांगितलं.

पण त्यामागे विचार आहे. मी एकटीने चांगलं लिहून काय उपयोग? बाकीच्या काहीबाही लिहून बसल्या तर निष्कर्ष बुडालाच. दुसऱ्या बिल्डिंगमधली ती हो-हो आजी, तिला काहीही विचारा, हो म्हणते. त्या प्रश्नावलीत अठरावं वाक्य आहे, मी नातवंडावर हात उगारते. तिथे ही बाई पाच लिहून येणार आणि तेवढ्यासाठी माझी नात अभ्यासवर्गात जाणार. हे मी चालू देणार नाही. उद्या तीन वाजता आमच्याकडे शिकवणी ठेवली आहे. तयारी म्हणू फार तर.

दुपारी दोनला यंत्र चालू केलं, म्हणजे लाल दिवा विझवला. नातीला समोर बसवून कडक आवाजात सातचा पाढा विचारला, मग आठचा, मग विद्येचं महत्त्व सांगितलं. ती म्हणाली, आजी, तू अशी का बोलतेस. मी खुणेने गप्प केलं. अर्धा तास आदर्श अभ्यास झाला. मग दिवा लावून यंत्र बंद केलं आणि आम्ही नेहमीसारख्या पसरलो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अडतीस जणी, मला धरून. चपला जिन्यात तिसऱ्या पायरीपर्यंत. खुर्च्या संपल्या, मग पलंग, मग जमीन, आणि ज्यांचे गुडघे जमिनीला मानत नाहीत त्या भिंतीला टेकून. यंत्र आधी बंद करून घेतलं. दिवा लागलाय हे दोनदा रुमाल उचलून बघितलं. उगाच आपल्या खासगी गोष्टी विद्यापीठात नकोत.

नात फळा घेऊन उभी राहिली. आम्ही उत्तरं ठरवली. चांगल्या वाक्याला पाच, वाईट वाक्याला एक. पण सगळीकडे तसंच लिहिलं तर कुणालाही शंका येईल. म्हणून चौथ्या, नवव्या आणि एकविसाव्याला चार लिहायचे. ही माझी कल्पना. शहाण्या माणसाने शंकेला जागा ठेवू नये.

हो-हो आजीकडून नाही म्हणायचा सराव करून घेतला. अर्धा तास गेला. शेवटी तिला म्हटलं, जमेल ना तुम्हाला. म्हणाली, हो.

हेडबाई आल्या नाहीत. म्हणजे आल्या, पण दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, अहो, ही परीक्षा नव्हे, हिला पाहणी म्हणतात, तुम्ही त्या मुलीचं काम बिघडवताय. मी म्हटलं, बाई, शाळेत तुम्ही तपासनीस यायच्या आदल्या दिवशी मुलांकडून काय करून घेत होता? त्या आत आल्या नाहीत. पण गेल्याही नाहीत. शेवटपर्यंत दारातच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

परीक्षा झाली. मुलीने एक तास धरला होता. अडतीस जणींनी नऊ मिनिटांत कागद परत दिले. ती बघतच राहिली. हेडबाईंना पन्नास मिनिटं लागली, समासातसुद्धा लिहीत होत्या. चाळिसावी आजी लेकीकडे गेली होती, तिचं नुकसान.

मला पेपर सोपा गेला. एकविसाव्याला चार लिहिणं जिवावर आलं होतं, पण लिहिले.

१७ फेब्रुवारी, सोमवार

यंत्र घेऊन गेली. मी सांगितलं, आमची नात कशी अभ्यास करते ते ऐकून तुमचे सर थक्क होतील. म्हणाली, ऐकायला वेळ लागेल आजी, आधी आकडे बघते.

वर्तमानपत्र: मथळा आणि त्याखालची एक ओळ. प्रगती आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

फोन आला. मुलीचा आवाज आनंदाने फाटलेला. एवढं एकमत तिने कुठल्याच अभ्यासात वाचलं नव्हतं. तिच्या सरांनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली ती पीएचडी करते त्यांनी, तो तक्ता तीनदा पाहिला म्हणे. तीस वर्षं ते याच विषयावर लेख लिहितायत की आजी हे चालतंबोलतं विद्यापीठ आहे. आजवर पुरावा मिळत नव्हता, पण त्यामुळे त्यांचं लिहिणं कधी अडलं नाही. आता पुरावाच दारात उभा राहिल्यावर तू कुठून आलास बाबा, असं कोण विचारतं?

सात मार्चला परिषद आहे. सर निबंध वाचणार. हेडबाईंना आणि मला पहिल्या रांगेत जागा.

संध्याकाळी सुनेला निष्कर्ष सांगितला. ती म्हणाली, छान. ड्रॉवर मात्र उघडला नाही. फॉर्म आतच आहे. मी दुपारी बघितलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

भाषणाची तयारी. कुणी सांगितलेलं नाही, पण ऐनवेळी दोन शब्द बोला म्हणाले तर फजिती नको. नातीला सांगायला बसवलं, मी लिहून घेतलं. पहिल्याच वाक्यावर तिने मला चार वेळा थांबवलं. मी मुद्दामच चुकत होते.

मग ती म्हणाली, आजी, मी चौथीत गेले की तू पण येशील ना चौथीत. मी म्हटलं, बघू. उगाच काहीतरी विचारते. लवकर जेवून झोपले.

५ मार्च, बुधवार

कोणती साडी, यावर दोन दिवस गेले. जांभळी. सून म्हणाली निळी. म्हणून जांभळी नक्की.

७ मार्च, शुक्रवार, संध्याकाळ

परिषद म्हणजे काय ते आज कळलं. थंडगार हॉल, मऊ खुर्च्या, आणि पुढे एक माणूस बोलत असताना बाकीचे आपापल्या फोनमध्ये. आमच्या आधी तिघांचे निबंध झाले. एकाने समाज म्हणजे काय ते सांगितलं. दुसऱ्याने समाज असं काही नसतंच हे सिद्ध केलं. तिसऱ्याने दोघांचे आभार मानले. सगळ्यांना टाळ्या सारख्याच.

मग आमचे सर. दाढी पांढरी, आवाज गोड. पडद्यावर चांगल्या वाक्यांचे रंगीत खांब दाखवले. सगळे एका उंचीचे, नुसती भिंत. मध्येच तीन जरा बुटके. माझे तीन. मला भरून आलं. मुलगी बाजूला उभी राहून एकेक चित्र पुढे सरकवत होती, नवी चप्पल घालून आली होती.

टाळ्या झाल्या. मग मागून एक बाई उठल्या. आकडेशास्त्राच्या. केस कापलेले, बोलणं त्याहून आखूड. म्हणाल्या, तीन बिल्डिंगांतल्या अडतीस बायका, सगळ्याजणी नेमक्या चौथ्या, नवव्या आणि एकविसाव्या वाक्यालाच चार देतात, हे कसं. सर हसले. म्हणाले, मॅडम, हेच तर सामूहिक शहाणपण, ते आकड्यांच्या पलीकडचं असतं. त्या म्हणाल्या, असेल, पण आलं कुठून.

आता सरांना खरंच माहीत नव्हतं बिचाऱ्यांना. इतका शिकलेला माणूस चारचौघांत अडला, माझ्याच्याने बघवेना. हेडबाईंनी माझा पदर धरला होता. मी तो सोडवून उभी राहिले आणि सांगितलं. म्हटलं, शहाणपण सामूहिक नाही, माझं आहे. नमुना प्रत तीन दिवस आधी मिळाली होती, शिकवणी माझ्या घरी झाली, आणि नक्कल वाटू नये म्हणून चार लिहायची कल्पनाही माझीच.

सगळे माझ्याकडे वळले. आदराने. फोनमधली सगळी डोकी वर आली. आधीच्या तिघांना हे जमलं नव्हतं. सरांनी एक ग्लास पाणी प्यायलं, मग दुसरा. आकडेवाल्या बाईंनी मला लवून नमस्कार केला. मुलगी आपल्या नव्या चपलेकडे बघत होती.

भाषण वाचायला कुणी बोलावलं नाही. वेळ संपली असावी.

१० मार्च, सोमवार

फोन नाही.

शुक्रवारी मुलाला सगळं सांगितलं तेव्हा तो डोक्याला हात लावून बसला. सून आधी हसली, खूप हसली, डोळे पुसले. मग म्हणाली, आई, त्या मुलीची तीन वर्षं गेली हो. मी म्हटलं, मी काय वाईट केलं, सगळ्यांना चांगलंच लिहायला सांगितलं ना. सून म्हणाली, तेच तर.

आज हेडबाई आल्या. चहा नको म्हणाल्या, म्हणजे मोठं काहीतरी होतं. म्हणाल्या, अडतीस कागद बाद, उरला फक्त माझा. आता सगळ्या आज्यांच्या वतीने एकटी मीच. वर म्हणाल्या, तुम्ही असं का केलंत हो. मी म्हटलं, नात जाणार ना माझी. त्या खुर्चीत बसल्या आणि चहा द्या म्हणाल्या.

तर निष्कर्ष नाही. सून आज ऑफिसमधून येताना फॉर्मला लावायचा नातीचा फोटो घेऊन आली. दोन. मागितला एकच होता.

जेवण गेलं नाही. उकाडा आहे.

११ मार्च, मंगळवार

नातीने विचारलं, आजच्या पाच ओळी झाल्या का. म्हटलं, आजी आजारी आहे. कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाली, नाही आहे. ही वही तिनेच आणून हातात दिली.

ही एक. ही दोन. बाकीच्या उद्या.

१२ मार्च, बुधवार

रजेचा दिवस नव्हता, तरी सून आणि मुलगा दुपारीच घरी. विद्यापीठातल्या मुलीने त्यांना फोन करून बोलावलं होतं. मला सांगितलं नाही, मी पळून जाईन म्हणून असेल. चार वाजता बेल वाजली. आधी मुलगी आत आली, मग सर, आणि त्यांच्या मागोमाग, कुणीही न बोलावता, हेडबाई.

मी आधीच सांगितलं, माफी मागायची असेल तर मागते, पण मला कुणी आधी नीट बजावलं असतं तर. मुलगी म्हणाली, आजी, बजावलं होतं. मग म्हणाली, चूक माझीही आहे, नमुना प्रत द्यायलाच नको होती. सर म्हणाले, चूक खरं तर कुणाचीच नाही. म्हणजे त्यांची नाही.

मुलीने यंत्र काढलं. चार दिवस तिने तेच ऐकलं. जेव्हा जेव्हा मी चालू केलं होतं तेव्हाचं त्यात काहीच नाही. पाढे नाहीत, विद्येचं महत्त्व नाही. जेव्हा जेव्हा मी बंद केलं होतं तेव्हाचं सगळं आहे. रात्रीची शांतता सोडून एकतीस तास. लाल दिवा म्हणजे टिपणं चालू, असं दूध उतू जाताना ती सांगत होती म्हणे. मग रस्त्यावर वेगळा नियम कशाला ठेवतात?

तिने एक तुकडा लावला. नातीचा आवाज, अगदी मास्तरणीचा. आजी, घाई करू नकोस, बोट ठेव, पुन्हा. मग एक म्हातारी अडखळत वाचते आहे. बराच वेळ वाचते. मला आधी वाटलं हो-हो आजी आहे.

पुढे नात विचारते, तुला तिसरीत हे शिकवलं नाही का. आणि ती म्हातारी सांगायला लागते. परीक्षेच्या आदल्या दिवशी धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवून घेतलं. म्हणाले, उद्यापासून नको जाऊस. पेन्सिल दोन्ही टोकांनी तासून फडताळात ठेवलेली होती, मोडली एक तर दुसरं टोक असावं म्हणून. मग ती पेन्सिल तशीच राहिली. नात म्हणते, आजी, रडू नकोस, तुझी परीक्षा मी घेईन.

हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. यंत्र बंद होतं ना तेव्हा.

मुलगा खिडकीकडे तोंड करून उभा. सून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. बेसिनमध्ये एकही भांडं नव्हतं, मी जेवणानंतर सगळी घासली होती. हेडबाईंनी चष्मा पुसला आणि तो पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

मुलगी म्हणाली, सगळे हेच बघत बसले की आजी नातवंडाला काय देते. तुमच्या घरात नात रोज दोन तास शिकवते, आणि शिकवता शिकवता तीच वाचनात वर्गात पहिली आली, तिच्या शाळेत विचारून आले मी. आता हाच विषय. चाळीस घरं पुन्हा पहिल्यापासून, प्रत्येक आजी वेगळी बसवून, दार लावून. सर म्हणाले, मला हे पहिल्यापासून वाटत होतं. मुलीने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तर अहवालात आमच्या घरची शिक्षिका, वय वर्षे आठ. विद्यार्थिनी, वय वर्षे सदुसष्ट. मी म्हटलं, अहो, मी मुद्दाम चुकत होते, ती माझी रीत आहे. मुलगी म्हणाली, तसं लिहिते हवं तर. लिहिलं नाही. मी बघत होते.

सून बाहेर आली, डोळे लाल. ड्रॉवर उघडून फॉर्म काढला. मी म्हटलं, आता काय, भरून टाक. ती नातीला म्हणाली, काय गं, जायचंय का तुला अभ्यासवर्गात. नात म्हणाली, मला वेळ नाही, आजीचं तिसरीचं पुस्तक अर्धं राहिलंय. सून फॉर्म घेऊन टेबलापाशी आली. मग उलटा करून कोरी बाजू वर ठेवली आणि तिला म्हणाली, मग यावर वेळापत्रक कर. पहिल्या तासापासून नीट लिही. आणि रोज सहाला मी तपासणार.

म्हणजे भार माझ्यावर नाही. मीच भार आहे. तरी पोर घरात राहिली, बाकीचं नंतर बघू.

वेळापत्रक भिंतीवर लागलं आहे. दुपारी दोन ते तीन वाचन, तीन ते साडेतीन शुद्धलेखन, साडेतीनला दहा मिनिटं सुट्टी. वर्तमानपत्राचं पान सकाळी, एक ओळ नाही, पान. हेडबाई म्हणाल्या, गणिताला मी येत जाईन. कुणी विचारलं नव्हतं.

जाताना मुलीने सांगितलं, तिसरीची वार्षिक परीक्षा घेऊन टाकू आजींची. पेपर नात काढणार, हेडबाई तपासणार. मी विचारलं, नमुना प्रत मिळेल का. म्हणाली, नाही. दारात पुन्हा एकदा विचारलं. तेव्हाही नाहीच म्हणाली.

दुकानातून पेन्सिल आणली. दोन्ही टोकांनी तासली.

मुलगी आणि सर परीक्षेला पुन्हा येणार: गुरुवार, २० मार्च, दुपारी चार. प्रश्नपत्रिकेचं पाकीट बंद असेल.